जुन्या पासवर्डची ठकठक

"माफी मागून मोकळी हो ना."

"जे केलंच नाही त्याची?"

"माफी मागायला आधी काही केलेलं असावं लागतं, असं कोणी सांगितलं तुला? मान खाली घालायची, दोन शब्द बोलायचे, संपला विषय. साहेब आतून मऊ आहेत."

"ताई, ते मला चोर म्हणाले."

"चोर नाही म्हणाले. 'तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती' म्हणाले. मी केबिनच्या दाराशेजारच्याच टेबलावर होते."

"म्हणजे तेच ना."

"तेच कसं? माझा जन्म गेला शब्द तपासण्यात, मला नको शिकवूस. चहा घे आधी. थंड झाला की तोंड वाकडं करशील आणि परत माझ्याच नावाने बोटं मोडशील."

धाकटीने कप घेतला, पण ओठांना लावला नाही. कपात बघत उभी राहिली. मोठीने तिच्या खांद्यावरचा धागा चिमटीत धरून उचलला आणि खिडकीबाहेर सोडून दिला. लहानपणी शाळेत पाठवताना सोडायची, अगदी तस्सा.

या दोघी सख्ख्या बहिणी. शाळेची पुस्तकं छापखान्यात जाण्याआधी जिथे तयार होतात, त्या कार्यालयात कामाला. खाली बांधणीचा कारखाना, वर ही लांबलचक खोली. खालून दिवसभर डिंकाचा वास वर यायचा आणि नवीन माणसाचं डोकं दुखायचं. जुन्यांना मात्र सुट्टीच्या दिवशी त्या वासावाचून चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मोठी मुद्रितं तपासायची. तिला सगळे ताई म्हणायचे, साहेबसुद्धा. धाकटी यंत्रं सांभाळायची. खोलीतल्या सगळ्या मशीनांवर तिनेच लिनक्स ही फुकटातली संगणकप्रणाली चढवली होती. त्या लिनक्सचं चिन्ह पेंग्विन, आणि बाईसाहेबांची चाल सपाट चपलांमुळे तुरुतुरु. मग चित्रकाराने एकदा तिला 'पेंग्विन' अशी हाक मारली आणि ती चिकटली ती चिकटलीच. नवरा घरी चिडवायला तेच वापरायचा. मुलगीसुद्धा शाळेत सांगून आली होती, माझी आई पेंग्विन आहे.

आई गेली तेव्हा पेंग्विन शाळेत होती, आणि ताईचं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. ताईने कॉलेज सोडलं आणि इथे येऊन लाल पेन हातात घेतलं. धाकटीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं, आणि नंतर साहेबांच्या मागे लागून इथेच चिकटवूनही घेतलं. स्वतः अजून वडिलांबरोबर जुन्याच घरात राहायची. पेंग्विनचं घर दोन गल्ल्या सोडून. सकाळी पेंग्विन स्कूटर घेऊन यायची, ताई मागे बसायची आणि येईपर्यंत सूचना द्यायची. हळू. डावीकडून. हॉर्न दे. तो बघत नाहीये, त्याच्या भरवशावर राहू नकोस.

त्या दिवशी मात्र ताई रस्ताभर गप्प होती. पेंग्विनला वाटलं, रात्री वडिलांच्या खोकल्यामुळे झोप झाली नसेल.

आणि आल्या आल्या साहेबांनी तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावून घेतलं.

झालं होतं ते असं. या खोलीतून इंटरनेटवर कोणालाच सरळ जाता यायचं नाही. बाहेर जायला दार एकच, त्याला प्रॉक्सी म्हणायचे. त्या दाराची राखण एका बाहेरच्या कंपनीकडे होती. ब्राउझर उघडला की आधी एक चौकट यायची: नाव सांगा, पासवर्ड सांगा. तुम्ही कोण त्यावर तुम्हाला कुठवर जाता येईल ते ठरायचं. ताईच्या नावावर शब्दकोश उघडायचे. चित्रकाराच्या नावावर चित्रं. जुळारीकाका पानं जुळवायचे, त्यांच्या नावावर अक्षरांचे वळणदार नमुने. पेंग्विनच्या नावावर मात्र सगळंच उघडायचं, कारण मशीन कधी काय मागेल ते कुणी सांगावं.

त्या कंपनीचा साहेबांना फोन आला होता. तुमच्या पेंग्विनबाईंच्या नावावरून कोणीतरी सारखं प्रतिस्पर्धी प्रकाशनाच्या साइटवर जातंय, आणि इथून तिकडे पानं चढवली जातायत. येत्या वर्षीच्या पुस्तकांची पानं. खालच्या बांधणीवाल्यांनीही अजून न पाहिलेली.

"माझ्यासमोर पासवर्ड बदल," साहेब म्हणाले होते. "आणि संध्याकाळपर्यंत खरं काय ते सांग. नाहीतर यंत्रखोलीची चावी या टेबलावर ठेवून जा."

यंत्रखोली म्हणजे मुख्य मशीनांची कुलूपबंद खोली, आणि तिची चावी म्हणजे पेंग्विनची सगळी इभ्रत. शिक्षण अर्धवट, पदवीच्या नावाने शून्य, आणि तरीही त्या खोलीत पाऊल टाकायचं तर साहेबांनासुद्धा तिला विचारावं लागायचं. तिने पासवर्ड बदलला.  बाहेर आल्यावर ताईने तिला चहाकडे नेलं होतं, आणि तिथे माफीचं सुरू झालं होतं.

चहा तसाच टाकून ती जागेवर आली. ब्राउझर उघडला. चौकट आली. तिने नवीन पासवर्ड घातला.

चौकट परत आली.

बोट घसरलं असेल म्हणून तिने एकेक अक्षर बघून पुन्हा घातला. चौकट परत आली, आणि त्याच्या पुढच्या खेपेला चौकटीऐवजी निरोप आला: तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे.

तिने कंपनीला फोन लावला. पलीकडच्या माणसाने खातं उघडून दिलं. तिने फोन ठेवला आणि ते परत बंद झालं.

"बाई," तो माणूस दुसऱ्या फोनवर म्हणाला, "तुमच्या नावाने कोणीतरी जुना पासवर्ड घेऊन सारखं दार वाजवतंय. चुकीचा पासवर्ड लागोपाठ आला की आमच्याकडे खातं आपोआप बंद होतं. तुम्ही नव्याने शिरायला जाता, तेवढ्यात तो जुना येऊन टपकतो आणि तुमचीही वाट बंद."

"कुठून येतोय?"

"तुमच्याच कार्यालयातून."

"कुठल्या मशीनवरून?"

"ते इथून नाही कळत. तुमची सगळी मशीनं आम्हाला एकाच पत्त्याची दिसतात."

पेंग्विनने फोन ठेवला आणि सकाळपासून पहिल्यांदा तिचा श्वास मोकळा झाला. तिचा जुना पासवर्ड दुसऱ्या कोणाकडे तरी होता, त्याला तो बदलल्याचं ठाऊक नव्हतं, आणि तो अजून याच खोलीत बसून ठकठक करत होता. ती जवळजवळ धावतच ताईच्या टेबलाशी गेली.

"ताई, सापडणार. माझ्या नावाने घुसणारा अजून दारातच उभा आहे."

ताईने चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. खूप वेळ पुसत राहिली.

"कसा सापडणार?"

"सोपं आहे. एकेका मशीनची नेटची वायर काढायची आणि कंपनीला विचारायचं, ठकठक थांबली का. जिची काढल्यावर थांबली, ते मशीन."

"आणि लोकांची कामं?"

"कामं कुठे जातायत, मशीन बंद थोडंच करतेय मी."

"अगं, उगीच सगळ्यांवर संशय घ्यायचा. तोंडं कडू होतील. उद्या याच लोकांबरोबर बसायचंय तुला."

"संशय माझ्यावर आहे, ताई. तो दुसरीकडे हलवायचाय मला."

आधी तिने स्वतःचंच मशीन धरलं. लिनक्सवाल्याची एक खोड असते, तो एकच नाव चार खिशांत ठेवतो. ब्राउझरच्या आठवणीत एक, डेस्कटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये एक, मशीन सुरू होताना वाचली जाते त्या फाइलमध्ये एक, आणि नवीन सॉफ्टवेअर आणणाऱ्या प्रोग्रामचा खिसा वेगळाच. तिने सगळे खिसे उलटे करून झटकले. कुठेच जुना पासवर्ड नव्हता. वायर काढली, फोन लावला.

"अजून वाजतंय," पलीकडचा म्हणाला.

मग सुरू झाली वारी टेबलांखालून. वायरी सगळ्या भिंतीच्या तळाशी, टेबलांच्या पार मागे. पेंग्विनने ओढणी कमरेला बांधली आणि गुडघ्यांवर उतरली.

"पाय उचला, काका."

"काय गं, उंदीर का?" जुळारीकाकांनी पाय खुर्चीवर घेतले.

"उंदीरच म्हणा."

"सापडला तर मारू नकोस. माझ्या वयाचा असेल तो इथे."

अजून वाजतंय, फोन म्हणाला. चित्रकाराच्या टेबलाखाली रंगीत पेन्सिलींचा भुसा, बुटांचे दोन जोड आणि एक तुटकी छत्री.

"पेंग्विन, तिकडे माझा रबर दिसतोय का?"

"इथे तुमचा संसार दिसतोय."

"बायकोला सांगू नकोस, ती समजते तो घरी आहे."

अजून वाजतंय. हिशेबवाल्या बाईंनी पाय उचलायला नकार दिला. म्हणाल्या, माझी कंबर धरलीय, तूच कशी तरी जा. पेंग्विन कशीतरी गेली. अजून वाजतंय. छपाईयंत्र, साहेबांच्या केबिनमधलं मशीन, दाराजवळचं पाहुण्यांसाठी ठेवलेलं, कोणीच न वापरणारं. तिने त्याचीही वायर काढली. केसांत कोळिष्टकं, कोपरांना धूळ, गुडघ्यावर सलवार काळी.

ताईच्या टेबलाशी आली तेव्हा ताई मान खाली घालून मुद्रितं वाचत होती.

"माझीही काढ हवं तर," मान वर न करता ती म्हणाली.

"तुझी कसली काढायची, ताई."

आणि पेंग्विन पुढे गेली.

सगळी टेबलं झाली. ती खोलीच्या मध्ये उभी राहिली, कानाला फोन.

"आता?"

"आता पण वाजतंय, बाई. थांबायचं नाव नाही."

"सगळ्या वायरी काढल्या आहेत मी."

"मग एखादी राहिली असेल."

पेंग्विनने मान वळवली. जेवणाची वेळ झाली होती, लोक डबे घेऊन गच्चीत निघाले होते. ताईची खुर्ची रिकामी. भिंतीच्या तळाशी एकाच वायरीचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

तिच्या मनात पहिला विचार आला तो स्वतःबद्दलच. आपणच कधीतरी ताईचं काहीतरी दुरुस्त करताना आपलं नाव इथे घातलं असेल आणि काढायला विसरलो असू. आपला धांदरटपणा. ताईला सांगू, हसेल, वर चार शिव्या घालेल. हे मनाशी घोकतच ती ताईच्या खुर्चीत बसली.

ब्राउझर उघडला. तो कोरा होता. कुठे गेलं त्याची नोंद नाही, काही उतरवल्याची खूण नाही, साठवलेला एकही पासवर्ड नाही. ताई पेन्सिलीचा शेवटचा तुकडासुद्धा टाकायची नाही, टोपणात खोचून वापरायची; फुटक्या बरण्यांची झाकणं जपून ठेवायची. आणि तिचा ब्राउझर मात्र घासून पुसून लख्ख होता, आज सकाळीच पुसल्यासारखा.

पेंग्विनने डेस्कटॉपची नेटवर्क सेटिंग उघडली. प्रॉक्सीच्या जागी नाव होतं. तिचं स्वतःचं. खाली पासवर्डच्या जागी काळ्या ठिपक्यांची ओळ.

ही जागा ती कधीच वापरायची नाही. मशीन सुरू होताना वाचलं जातं त्या फाइलमध्ये लिहिणं ही तिची सवय. काका त्यावरून तिला हसायचे, सरळ रस्ता सोडून गटारातून जाते म्हणून. इथे दुसऱ्याच कोणाचा तरी हात होता. सावकाश, नीट, चौकटीत बसवून लिहिणारा.

मुलीला ताप होता तेव्हा पेंग्विन रजेवर होती. फोनवर तिने ताईला पासवर्ड सांगितला होता. कोणाचं काही अडलं तर, म्हणून. एकेक अक्षर सांगितलं होतं, आणि ताईने तपासणाऱ्याच्या सवयीने ते परत वाचून दाखवलं होतं.

पण ब्राउझर तर बंद होता, मग ठकठक कोण करत होतं? पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक इवलासा ढग होता, त्याच्या बाजूला फिरणारं चक्र. हवामान सांगणारा छोटा प्रोग्राम. घरच्या गच्चीत कपडे वाळत घातलेले असले की ताईला चैन पडायची नाही, म्हणून पेंग्विननेच तो बसवून दिला होता. तो बिचारा दर थोड्या वेळाने बाहेर हवा कशी आहे विचारायला निघायचा, जाताना सेटिंगमधलं नाव आणि जुना पासवर्ड घेऊन जायचा, दारावरून परत यायचा आणि पुन्हा निघायचा.

पेंग्विन वाकली आणि ती शेवटची वायर काढली. फोन अजून चालूच होता.

"थांबलं," पलीकडचा म्हणाला. "शाब्बास बाई. खातं उघडतो."

 फोन मांडीवर ठेवून ती बसून राहिली.

ताई आली ती हातात धुतलेला डबा घेऊन. पेंग्विनला आपल्या खुर्चीत बघून थबकली, मग पडद्याकडे बघितलं.

"सकाळीच सगळं पुसलं होतं मी," ती म्हणाली. अगदी हळू, जणू कुठल्या मुद्रितात चूक राहून गेली होती.

"ब्राउझर पुसलास."

"मग?"

"सेटिंग राहिली. हवा विचारत होता तुझा ढग."

ताईने डबा टेबलावर ठेवला, त्याचं झाकण दाबलं, पुन्हा काढलं, पुन्हा दाबलं.

"पानं तूच पाठवलीस?"

"नमुना म्हणून. नोकरीसाठी. नमुना मागतात ते. जुनी पानं कोण बघतं?"

"माझ्या नावाने?"

"माझ्या नावाने शब्दकोश उघडतो. तुझ्या नावाने जग उघडतं."

"मला सांगायचंस."

"तू सांगितलंस?" आता ताईने वर बघितलं. "तो शब्द तपासणारा प्रोग्राम बसवलास या सगळ्यांच्या मशीनवर, तेव्हा मला सांगितलंस? स्कूटरवर रोज माझ्यापुढे बसत होतीस. मला कळलं ते साहेबांकडून, चारचौघांत. 'ताई, आता तुमचं काम हलकं होईल.' हलकं. आधी काम हलकं होतं, मग माणूसच नको होतं, मला माहीत आहे."

"साहेबांनी सांगितलं होतं, इतक्यात कोणाला बोलू नकोस म्हणून. मला वाटलं, मीच त्यांच्याशी बोलेन तुझ्याबद्दल, आणि मग तुला..."

"मलाही वाटलं. तुला ओरडतील आणि विसरतील. तुझ्यावाचून ही खोली एक दिवस चालत नाही. मला मात्र त्याच दिवशी घरी बसवलं असतं. या वयात मी कुठे जाऊ? बाबांना काय सांगू?"

"म्हणून मला चोर होऊ दिलंस."

"माफी मागितली असतीस तर सकाळीच मिटलं असतं सगळं."

पेंग्विन तिच्याकडे बघत राहिली. ती तीच होती. खांद्यावरचा धागा उचलणारी, हॉर्न दे म्हणणारी. आवाजसुद्धा तोच, काळजीचा.

लोक डबे घेऊन परत येऊ लागले होते. त्यांच्या मागोमाग साहेब आले.

"सापडलं?"

 पेंग्विन ताईकडे बघत होती. मनात म्हणत होती, तू बोल. तू बोललीस तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन, साहेबांशी भांडेन, काय वाट्टेल ते करेन. फक्त तू बोल.

"सापडलं, साहेब," ताई म्हणाली. "माझ्याच मशीनवर होतं. कधीतरी हिनेच स्वतःचं नाव इथे टाकून ठेवलं होतं, आणि विसरली. लहानपणापासून अशीच धांदरट आहे."

"आणि पानं?"

"ते मला कसं कळणार? मला यातलं काय समजतं? साधी फाइल कुठे ठेवली ते सापडत नाही मला, सगळ्यांना माहीत आहे."

जुळारीकाकांनी मान डोलावली. खरंच होतं ते. दिवसातून दहादा ताईची हाक यायची, अगं पेंग्विन, हे कुठे गेलं, ये जरा. आणि पेंग्विन यायची. तिला कधी वाटलं नव्हतं, की हाक मारणाऱ्या बाईला सगळं येतही असेल आणि फक्त सोबतीसाठी ती हाक मारत असेल. आता ते सोबतीसाठी होतं की नाही, हेही तिला कळेना.

"साहेब, पानं ताईने पाठवली," पेंग्विन म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "पासवर्ड मी दिला होता तिला."

"दिला होतास?"

"हो."

"नियम माहीत आहे ना तुला? तूच शिकवतेस सगळ्यांना. नवराबायकोतसुद्धा नाही म्हणून."

"ती माझी ताई आहे."

साहेबांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. त्यांना काय ते कळलं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि त्याचा उपयोग नव्हता, हेही दिसलं.

"ताई, तुमच्याशी मी उद्या बोलतो," ते म्हणाले. मग पेंग्विनकडे वळले. "ज्याच्या हातात सगळी दारं, त्याने आपला पासवर्ड दुसऱ्याच्या हातात दिला, तर पुढे काय झालं ते मला बघून चालत नाही. चावी दे."

पेंग्विनने जुडग्यातून यंत्रखोलीची चावी काढली. कडी घट्ट होती, नख तुटलं. स्कूटरची आणि घराची चावी जुडग्यात राहिली. साहेब चावी घेऊन केबिनमध्ये गेले आणि काचेचं दार लावून घेतलं. लोक हळूहळू आपापल्या खुर्च्यांत बसले. कोणीतरी विचारलं, आमच्या वायरी कोण लावणार, आणि त्याला कोणीतरी गप्प केलं.

ताई लाल पेन टोपणात घालून पर्स आवरत होती. तिने चष्म्याचं घर आत ठेवलं, डबा ठेवला, रुमाल ठेवला. कामाचा अर्धा दिवस अजून बाकी होता.

पेंग्विन तिच्या खुर्चीतून उठली. गुडघ्यावरची धूळ तशीच होती.

"ताई, मी या सगळ्या टेबलांखालून रांगत होते, तेव्हा तू तिथे बसून काय विचार करत होतीस?"

ताईने पर्सची चेन ओढली. पट्टा खांद्यावर घेतला, पदर सारखा केला आणि जिना उतरून निघून गेली.